‘देरेख’ वाचताना या चुका टाळा

बायबलच्या हिब्रूत ‘देरेख’ हा शब्द सातशेच्या आसपास वेळा येतो. देरेख म्हणजे मार्ग, एवढं पाठ करून पुढे गेलात की ठेच लागलीच म्हणून समजा.

पहिली ठेच अक्षरांचीच. देरेखची दालेत (द), रेश (र) आणि खाफ (ख) ही तिन्ही अक्षरं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात: वर आडवी रेघ, उजवीकडून खाली उतरणारी उभी रेघ. दालेतचा कोपरा टोकदार, किंचित बाहेर आलेला, रेशचा गोलसर, आणि शब्दाच्या शेवटी येणाऱ्या खाफची रेघ ओळीखाली लोंबते. मोबाइलवर वाचत असाल तर टाइप मोठा करा, लाज कसली.

‘दर्को’ शब्दकोशात सापडत नाही, ही नेहमीची तक्रार. सापडणार कसा? तो ‘देरेख’च आहे, ‘त्याची वाट’ या रूपात. प्रत्यय लागला की स्वर बदलतात, ‘ख’चा ‘क’ होतो आणि खाफची लोंबती शेपटी आत वळते. स्वर सोडा, तीन व्यंजनं धरा.

आता खरी गोची, अर्थाची. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात ३१:३५ मध्ये (अध्याय ३१, वचन ३५) राहेल बापाच्या घरातून चोरलेल्या मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवून वर बसली आहे. तिचा बाप लाबान तंबू धुंडाळतोय. ती म्हणते, मला उठता येत नाही, मला ‘देरेख नाशीम’ आहे. ‘बायकांचा मार्ग’ असं भाषांतर केलंत तर सगळा प्रसंग पाण्यात. आपल्याकडची बाई सरळ म्हणेल, ‘मला अडचण आहे.’ लाबान तिला उठवत नाही, तो त्यामुळे. शेजारचा शब्द बघितल्याशिवाय देरेखचा अर्थ ठरवू नका. १ राजे १९:४ मध्ये तो ‘दिवस’ या शब्दाला जोडून येतो, तिथे ती एक दिवसाची मजल. तिचे किलोमीटर काढत बसू नका.

धातूवरून अर्थ ताणणं हा प्रवचनकारांचा आवडता खेळ. ‘दाराख’ म्हणजे तुडवणं. द्राक्षं तुडवतात, धनुष्यही पायाने दाबून वाकवतात, दोन्हींना हेच क्रियापद. म्हणून प्रत्येक देरेखमध्ये संघर्ष दडलाय म्हणायचं? मराठीत ‘चालीरीती’ म्हणताना कुणाला पाय आठवतात?

उलट दिशेची चूक ‘देरेख एरेत्स’ची. एरेत्स म्हणजे देश. नंतरच्या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, भाषेत याचा अर्थ सभ्य वागणूक, कामधंदा. पण निर्गम १३:१७ मध्ये हेच दोन शब्द पलिष्ट्यांच्या देशाकडे जाणारा साधा रस्ता दाखवतात. तिथे शिष्टाचार शोधू नका.

नीतिसूत्रे २२:६ वर मात्र थांबा. मुलाला ‘योग्य मार्गाचं’ शिक्षण द्या, असं ते वचन सर्रास सांगितलं जातं. हिब्रूत ‘योग्य’ हा शब्दच नाही. तिथे फक्त ‘दर्को’, त्याची वाट. काही जण ती धर्माची वाट मानतात, काही जण मुलाचा स्वतःचा कल. मला दुसरं वाचन शब्दाला अधिक धरून वाटतं, पण वाद जुना आहे आणि पहिल्या बाजूलाही वजन आहे. एक करा: ‘योग्य’ आपण घातलाय, हे लक्षात ठेवून बोला.

आणि हा शब्द निर्गम १८:२० मध्ये स्त्रीलिंगी, ‘अनुवाद’ या पुस्तकात २८:७ मध्ये पुल्लिंगी दिसला तर नकलणाऱ्याला दोष देऊ नका. आपणही ‘तो वेळ’ म्हणतो आणि ‘ती वेळ’ही.