सिलेक्टरमधली स्पेस आणि > : माझा गोंधळ कसा सुटला

जेक्वेरी (वेबपेज हाताळायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकत होतो तेव्हा सिलेक्टरमध्ये, म्हणजे पानातले कुठले एलिमेंट हवेत ते सांगणाऱ्या मजकुरात, स्पेस दिली काय किंवा > दिलं काय, दोन्हीचा अर्थ 'च्या आतलं' असाच मी धरून चाललो होतो. पहिल्याच कामात ते अंगाशी आलं. साधा मेनू होता, एका यूएलला (यादीचा टॅग) 'मेनू' आयडी (सिलेक्टरमध्ये तो # लावून लिहितात), त्यात पाच एलआय (यादीतल्या नोंदी) आणि तिसऱ्या एलआयच्या पोटात सबमेनूचा अजून एक यूएल. मला फक्त वरच्या पाचांना क्लास लावायचा होता, मी '#मेनू एलआय' असं मधे स्पेस देऊन लिहिलं आणि सबमेनूतल्या एलआयना पण तो क्लास चिकटला.

स्पेस म्हणजे डिसेंडंट, यात मुलं, नातवंडं, पणतवंडं सगळी आली. > म्हणजे चाइल्ड, फक्त पोटची मुलं. मला हे पक्कं कळलं ते सिलेक्टर उजवीकडून वाचायला लागल्यावर. '#मेनू > एलआय' म्हणजे 'ज्याचा बाप मेनू आहे असा एलआय', आणि स्पेस असेल तर 'ज्याच्या पूर्वजांत कुठेतरी मेनू आहे असा एलआय'. ब्राउझर पण जुळणी करताना उजवीकडूनच सुरुवात करतो, त्यामुळे ही सवय खरंच लावून घ्या. जेक्वेरीत चिल्ड्रन आणि फाइंड या मेथडमध्ये फरक आहे तो हाच.

आता एक गोष्ट जिच्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. > नीट चालतंय का बघायला मी मेनूच्या एलआयना सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणारी भाषा) लाल कलर दिला, तर सबमेनू पण लाल! मला वाटलं > कामच करत नाहीये. खरं म्हणजे सिलेक्टर बरोबर होता, पण कलर बापाकडून मुलांकडे वारशाने जातो, तसा बॉर्डर जात नाही. म्हणून टेस्ट करताना बॉर्डरच द्या, पाच चौकटी दिसल्या की झालं.

आणि टेबल. त्यातल्या ओळीचा टॅग म्हणजे टीआर. 'टेबल > टीआर' लिहिलं, काहीच सापडेना, एररही नाही, कारण जेक्वेरीला काही मिळालं नाही तर ती गुपचूप रिकामा संच देते आणि पुढचा कोड काहीच न करता निघून जातो. माझ्या फाइलमध्ये तर टेबलच्या आत थेट टीआरच होते. मग ब्राउझरचा इन्स्पेक्टर (पानाची खरी रचना दाखवणारं साधन) उघडला तर मधे टीबॉडी (ओळींना गुंडाळणारा टॅग) बसलेला, मी न लिहिलेला, एचटीएमएल वाचताना ब्राउझरनेच घातलेला! म्हणजे टीआरचा बाप टीबॉडी, टेबल आजोबा. 'टेबल > टीबॉडी > टीआर' केलं आणि ओळी सापडल्या. तेव्हापासून > लिहायच्या आधी मी फाइल बघत नाही, इन्स्पेक्टरमधलं झाड बघतो, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड टाकून लगेच उत्तर बघायची जागा) सिलेक्टरची लेंग्थ काढून किती एलिमेंट मिळाले ते मोजतो, मगच पुढची ओळ.