वणवा: गडग्याबाहेरचं गवत आत्ताच काढा

फेब्रुवारी लागला की कोकणातून एकच फोन यायला लागतो, बाग गेली. आणि विचारलं की दरवेळी तेच, आतलं गवत काढलेलं पण गडग्याबाहेरचं (बागेभोवतीच्या दगडी कुंपणाबाहेरचं) कमरेएवढं तसंच उभं, कारण ती जागा आपली नाही ना. वणवा तिथूनच आत येतो.

हल्ली बरेच जण म्हणतात मोबाईलवर नासाचं फर्म्स (उपग्रहानं टिपलेल्या आगींचा नकाशा) बघतो, आग लागली की लाल ठिपका येतो. बघा, पण भरवसा नको. त्यातल्या बारीक सेन्सरचा एक चौकोन, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान तुकडा, तोसुद्धा 375 मीटरचा, म्हणजे जवळपास 35 एकर. हा सेन्सर असलेले उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडला डोक्यावरून जातात, ठिपका यायला पुढे तीनेक तास. चारला पेटून आठला विझलेलं गवत त्यांना दिसतच नाही. जगभरच्या जळलेल्या जमिनीचा, नासाच्याच मोडिस नावाच्या दुसऱ्या सेन्सरचा नकाशा तर 500 मीटरचा, एका चौकोनात पन्नास-साठ एकर, त्यात तुमची दोन एकर काजू कुठं सापडणार?

जानेवारी संपायच्या आत:
- गडग्याबाहेर दहा-बारा फूट पट्टा, गवत-पातेरा काढून माती उघडी. शेजाऱ्याला विचारून.
- विजेच्या लाईनच्या तारांखालीही तेच.
- पिंपात पाणी, हाताशी टहाळे.
- राब (भाताच्या रोपांची जागा) भाजायचा तर पहाटे, वारा पडलेला असताना.

उताराच्या खालच्या बाजूला पट्टा दीडपट ठेवा, आग चढावर पळते, हा माझा अंदाज पण कामाला आलाय.

कलमं होरपळली तर लगेच तोडू नका, साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पावसात फुटतात. मेलेल्या फांद्या नंतर छाटून कापावर 10 टक्के बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी). दुकानदार हजारोंची टॉनिकं देईल, जळलेलं झाड बाटलीनं उठत नाही, तो पैसा ग्रास कटरच्या मजुरीला ठेवा.

पंचनाम्यासाठी मात्र उपग्रह कामाचा आहे. सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाचं चित्र फुकट मिळतं, साधारण पाच दिवसांनी नवीन, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, त्यात जळलेलं वेगळं उठून दिसतं) एक चौकोन 20 मीटरचा म्हणजे चारच गुंठे. आगीच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही घ्या, नुसतं नंतरचं घेतलं तर सड्यावरचा (उघड्या खडकाळ पठारावरचा) कातळही जळल्यासारखा वाटतो. जीपीएस फोटोबरोबर प्रिंट तलाठ्याकडे द्या. पाऊस पडून हिरवं आलं की डाग पुसट होतो, तेव्हा आधीच उतरवून ठेवा. काळं कुठल्या बाजूनं आत शिरलंय तेही त्यात दिसतं, मी बघितलेल्या बहुतेक चित्रांत ते गडग्याबाहेरच्या गवतातूनच आलेलं होतं.