डोंगरावर झाडं लावायला निघालात? या चुका टाळा

मृगाच्या दोन सरी पडल्या की फोन सुरू होतात. "सर, यंदा आमच्या ग्रुपनं एक डोंगर घ्यायचं ठरवलंय. रोपं कुठं मिळतील?" रोपं मिळायला काय, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारलं की मिळतात. मी उलट विचारतो, त्या डोंगरावर आधी झाडं होती का? होती तर गेली कशानं? पलीकडून बहुधा "तोडली असतील लोकांनी" एवढंच उत्तर येतं. सरपणाला गेली, वणव्यात गेली, शेळ्यांनी नवं काही उठूच दिलं नाही, की मुरमासाठी निम्मी टेकडीच कुणी उचलून नेली, हे गावात जाऊन कुणी विचारलेलं नसतं. ज्या कारणानं जुनी झाडं गेली ते कारण अजून डोंगरावरच असेल, तर तुमची रोपंही दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत त्याच वाटेनं जाणार.

आधी डोंगर "साफ" करणे

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेचे जे उतार आपण उघडेबोडके म्हणतो, ते पावसाळ्यात जवळ जाऊन बघा. गुडघ्याएवढे पळस, बोरीची झुडपं, सीताफळ, आपटा, हिवर, धावड्याचे धुमारे. वर खुरटं दिसतं, पण खालचं खोडकं जुनं असतं आणि त्याची मुळं खडकाच्या भेगांत खोलवर गेलेली असतात. तोडलेलं झाड दर पावसाळ्यात फुटतं आणि दर हिवाळ्यात शेळी नाहीतर कोयता त्याला परत जमिनीला टेकवतो. तीन-चार वर्षं कुणी हात लावला नाही तर तेच पुरुषभर वर येतं. पाणी घालावं लागत नाही, टँकर लागत नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात शहरातून तरुणांचा ग्रुप आला. पोरं चांगली, पैसेही स्वतःच्या खिशातले. पण घाई फार. पंधरा ऑगस्टला कार्यक्रम, पाहुणे येणार, फोटोत रांगा दिसल्या पाहिजेत. गायरानाच्या उतारावर जेसीबी चढवून त्यांनी सगळी झुडपं खोडक्यांसकट खरवडून काढली आणि खड्ड्यांच्या सरळ ओळी आखल्या. ओळी उताराला आडव्या असत्या तर निदान पाणी तरी अडलं असतं. त्या वरून खाली होत्या, कारण खालच्या रस्त्यावरून तशाच छान दिसतात. मी पोचलो तेव्हा मशीन परत निघाली होती. शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी त्या ढिगाकडे बघत उभी होती. एका पोराला म्हणाली, "लेकरा, ह्या पळसाच्या खोडक्या काहून काढल्या? पाऊस पडला की फुटतच व्हत्या की."

"मावशी, आता इथं जंगल होणारंय," पोरगं हसून म्हणालं.

सप्टेंबरात एक मोठा पाऊस आला, आपल्याकडे येतो तसा, दोन-अडीच तासांत सगळा. उतारावरची बोटभर माती त्या ओळींच्या वाटेनं निघाली आणि गावच्या पाझर तलावात जाऊन बसली. दिवाळीत गेलो तर वर नुसता मुरूम, खड्डे निम्मे बुजलेले, गुलमोहराचे शेंडे सुकलेले. उरलंसुरलं होळीपर्यंत शेळ्यांनी संपवलं. त्यात शेळ्यांचा दोष नाही. त्या वर्षानुवर्षं तिथंच चरतात आणि म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं. पाहुण्यांना मात्र शाल-नारळ मिळाला होता.

माझी पद्धत अशी. पहिल्या वर्षी एकही खड्डा घ्यायचा नाही. चुन्याची पिशवी घेऊन डोंगर चढायचा आणि जिवंत खोडक्यांना खूण करायची. शेळ्या-मेंढ्यांवाल्यांसोबत बसून निम्मा डोंगर राखायचा आणि निम्मा चरायला मोकळा ठेवायचा, तीन-चार वर्षांनी अदलाबदल. चराईबंदी, कुऱ्हाडबंदीचा ग्रामसभेत ठराव घ्या, पण त्याआधी त्यांच्यासोबत चहा घ्या. नुसता ठराव डोंगरावर कुणी वाचत नाही. दुसऱ्या वर्षी सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर, आणि चराच्या भरावावर लिंबोळ्या, बोराच्या बिया, सीताफळाच्या बिया. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातलं घ्यावं, ते लवकर रुजतं. रोपं तिसऱ्या वर्षी, तीही जिथं मोकळी जागा उरेल तिथंच. एवढं सांगितलं की निम्मे ग्रुप परत फोन करत नाहीत. बरं होतं.

चटकन सांगून टाकतो अशा काही चुका

ग्लिरिसिडियानं डोंगर भरू नका. मध्य अमेरिकेतलं हे झाड, आपली गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून जगलेल्या रोपांचा टक्का कागदावर झकास दिसतो. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उत्तम, पण डोंगराचं जंगल त्यानं होत नाही. पिशवीसकट रोप पुरू नका. हे अजूनही सांगावं लागतं आणि सांगूनही होतं. बियांचे गोळे चालत्या गाडीतून फेकणं ही सहल आहे. मियावाकी पद्धतीची दाट लागवड शाळेच्या आवारात करा, जिथं नळ आहे.

जंगलतोड जंगलातच होते असं समजणे

किनवट-माहूरचं सागवान, गौताळा, येडशीचा रामलिंग घाट असे पट्टे सोडले तर मराठवाड्यात तोडायला जंगल उरलंय कुठं? 1988 च्या राष्ट्रीय वननीतीनं देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली, झाडांखाली असावी असं म्हटलं. लातूर जिल्ह्यात वनाचं प्रमाण एक टक्काही भरत नाही.

इथली रोजची तोड बांधावर चालते. ट्रॅक्टर आला, बैल गेले, मग औताला लाकूड देणारी आणि दुपारी बैलांना सावली देणारी बाभूळ नकोशी झाली. वाटण्या झाल्या, बांध अरुंद झाले. चिंच तुझी की माझी यावर भाऊभाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि शेवटी तीच चिंच विकून पैसे वाटून घेतात. झाडाचा वसवा, म्हणजे सावली, पडतो, त्याखाली सोयाबीन दबतं, ही तक्रार खरी आहे, मी ती नाकारत नाही. लाकूडवाला कटर घेऊन येतो, उभ्या झाडाचा सौदा करतो आणि संध्याकाळी ट्रॉली वीटभट्टीवर पोचलेली असते. आंबा, चिंच, जांभूळ ही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतली झाडं आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. हे माहीत असलेला शेतकरी मला क्वचित भेटतो, माहीत नसलेला लाकूडवाला अजून भेटायचाय.

वनाच्छादनाचा आकडा वाढला की टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के किंवा जास्त झाडोरा असला की ते वनाच्छादन धरतात, मग जमीन कुणाचीही असो आणि तिथं फळबाग असो की लागवड. बांधावरचा एकटा कडुलिंब आडवा झाला तर त्या आकड्याला धक्कासुद्धा लागत नाही. म्हणून आकड्यावर भिस्त ठेवू नका. झाडाच्या मालकाला गाठा आणि खालच्या फांद्या छाटून द्या. ऊन आत आलं की वसवा कमी होतो आणि सौदा दोन-चार वर्षं तरी पुढं जातो. मी शंभर रोपांच्या कार्यक्रमापेक्षा हे काम आधी करतो.

"झाडं लावा, पाऊस येईल" असं गावाला सांगणे

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 ते 1407 असा सांगतात. तेव्हा इथं जेसीबी नव्हता आणि वीटभट्ट्यांची रांगही नव्हती. एका डोंगरावर झाडं लावून गावचा पाऊस वाढत नाही. झाडं गेल्यानं बिघडतं ते पडलेल्या पाण्याचं. पालापाचोळा नाही, मुळं नाहीत, मग पाणी जिरायच्या ऐवजी धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. विहिरी लवकर तळ गाठतात, तलावात गाळ साचतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याला ओळीनं हुकलेला पाऊस कारणीभूत होता, उसानं प्यालेलं पाणीही होतं. सगळं खापर झाडांच्या माथी मारलं की बाकीचे सुटतात.

शिवाय खोटं आश्वासन महागात पडतं. पुढच्या वर्षी पाऊस हुकला की गाव म्हणतं, "लावली की झाडं, काय झालं?" आणि राखण सोडून देतं. त्यापेक्षा जालना जिल्ह्यातलं कडवंची दाखवा. पाऊस तेवढाच, पण पाणलोटाची कामं आणि शेततळी करून गावानं द्राक्षं पिकवली.

माळ दिसला की खड्डा घेणे

प्रत्येक मोकळी जमीन तोडलेलं जंगल नसते. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचा माळ हा मुळातच माळ आहे. लांडगा, खोकड, काळवीट तिथंच राहतात आणि मेंढपाळाचं पोट त्याच गवतावर चालतं. जुन्या लोकांना तिथं कधी झाडोरा आठवत नसेल, जुनी खोडकीही सापडत नसतील, तर फावडं गाडीत ठेवा आणि परत या.

रोप मेलं की "पाणी कमी पडलं" म्हणून मोकळं होणे

मेलेलं रोप उपटून बघा, तेच सांगतं. मुळं पिशवीच्या आकारात गोल वळलेली असतील तर ते रोपवाटिकेतच बिघडलं होतं. तशी रोपं घेऊच नका, उंच दिसली तरी. शेंडा चघळल्यासारखा फाटका असेल तर शेळी. चाकूनं तिरका छाटल्यासारखा असेल तर ससा. मुळाची साल खाल्लेली आणि वर मातीचा पापुद्रा चढलेला असेल तर वाळवी, आणि बहुतेक वेळा खड्ड्यात कुणीतरी कच्चं शेणखत टाकलेलं असतं. खोड एका बाजूनं काळं पडलं असेल तर वणवा. होळीच्या आत गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढली नाही याची ती पावती. ते गवत गावातल्याच गुरंवाल्यांना कापून नेऊ द्या, मजुरी वाचते आणि डोंगरावर त्यांचं लक्षही राहतं.

ससा-शेळीसाठी रोपाभोवती काट्या लावा. फक्त त्या काट्या त्याच डोंगरावरच्या फुटलेल्या बोरी तोडून आणू नका. मागच्या वर्षी एका ग्रुपनं हेही करून दाखवलं.