जुन्या गाडीच्या सायलेन्सरची खडखड नेमकी कुठून येते, ते घरच्या घरी कसं शोधायचं

सेकंड हँड गाडीखालून खडखड यायला लागली की बरेच जण थेट गॅरेज गाठतात आणि तिथे "सायलेन्सर गेलाय, बदलावा लागेल" असं ऐकून पैसे मोजून येतात. माझं स्पष्ट मत आहे की आवाज कधी येतो, कुठून येतो हे स्वतः बघितल्याशिवाय सायलेन्सर पण बदलू नका आणि कॅट-कॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तर अजिबातच नको, कारण या आवाजाच्या मागे बहुतेक वेळा एखादा सुटलेला पत्रा नाहीतर फाटलेलं रबर असतं आणि ते काम शे-पाचशेत होऊन जातं. शोधायला टॉर्च, जाड हातमोजे, रबरी हातोडी आणि एक मदतीला माणूस एवढं पुरतं.

आधी जिवाचं बघू. गाडी थंड असतानाच खाली हात घालायचा, गाडी चालवून आल्यावर निदान दोन-तीन तास तरी जाऊ द्यायचे, कारण सायलेन्सरचा पाईप वरून साधा दिसतो पण चटका असा बसतो की कातडी सोलून निघते. डिकीत मिळतो तो जॅक फक्त टायर बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, म्हणजे नाहीच, खाली बघायचंच असेल तर लिफ्ट किंवा खड्डा असलेलं गॅरेज बघा. आणि इंजिन चालू करून जे काही करायचं ते उघड्यावर, सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा शटर लावलेल्या जागेत नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग, माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध होतो.

पहिलं काम: आवाज सायलेन्सरचाच आहे का

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, न्यूट्रलला ठेवा आणि मदतीच्या माणसाला हळूहळू रेस द्यायला सांगा, तुम्ही बाहेर उभं राहून ऐका. उभ्या गाडीत रेस दिल्यावर आवाज आला तर तो एक्झॉस्टचा (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या धुराच्या पाईपलाईनचा) किंवा इंजिनच्या बाजूचा. उभी असताना एकदम शांत आणि फक्त स्पीडब्रेकर, खड्डे आले की खडखडते, तर आधी सस्पेन्शनच्या लिंक रॉडकडे, ब्रेकच्या कॅलिपरकडे बघा. अर्थात सायलेन्सर ज्यावर लटकतो ते रबर तुटलं असेल तरी खड्ड्यातच वाजतं, त्याचं पुढे येईलच. डिकीतला जॅक-पाना, स्टेपनी, नंबर प्लेट, इंजिनखालचं प्लॅस्टिक कव्हर हेही चेक करून टाका. सीएनजी गाडी असेल तर डिकीतल्या सिलेंडरचे पट्टे आणि ब्रॅकेटचे बोल्ट हलवून बघायचे, मागून येणारी खडखड सायलेन्सरच्या नावावर जाते आणि निघतो ढिला पट्टा. तो पट्टा मात्र स्वतः पाना लावून आवळत बसू नका, सीएनजीवाल्याकडूनच करून घ्या.

सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद खरखर होऊन बंद होत असेल तर तो इंजिनच्या आतल्या टायमिंग चेनचा प्रकार असू शकतो, ऑइलची लेव्हल बघा आणि मेकॅनिकला चेन ऐकायला सांगा.

आवाज कोणत्या रेसला येतो ते नीट लक्षात ठेवा. ठराविक रेसला, समजा १५०० ते २५०० आरपीएमच्या मध्ये कुठेतरी, पातळ पत्र्याची झणझण येते आणि रेस वाढवली की गायब होते, तर नव्वद टक्के हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पातळ पत्रा, समजा. आयडलिंगला, विशेषतः एसी लावल्यावर किंवा क्लच सोडताना ठकठक येत असेल तर इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते रबर) दबून गेलेलं असू शकतं, मग इंजिन जास्त हलतं आणि पाईप नेऊन बॉडीवर आपटतं. अशा वेळी सायलेन्सर नवा टाकला तरी आवाज तसाच राहणार.

दुसरं काम: थंड गाडीवर हात फिरवणं

आता इंजिन बंद, सगळं थंड. मागच्या टोकापासून सुरू करा. सायलेन्सरचा शेवटचा पाईप हाताने वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. थोडासा हलणारच, तो रबरांवर लटकवलेलाच असतो, पण हलवताना बॉडीला किंवा ॲक्सलला लागतोय का ते बघा. टॉर्च मारून सगळी रबरं बघा, तडे गेलेलं, ताणून लांब झालेलं, हुकातून निघालेलं दिसलं की बदला. जमलं तर एकदम सगळी बदला कारण एक तुटलं की त्याचा भार बाकीच्यांवर येतो आणि महिन्या-दोन महिन्यात दुसरं जातं. काही जण रबराऐवजी लोखंडी तार बांधून देतात, गावाला जाताना वाटेत तुटलं तर घरी पोचेपर्यंत ठीक, पण कायमचं ठेवलं तर सगळा हादरा बॉडीत येतो आणि जोडावरची वेल्डिंग तडकते.

मग हीट शील्ड. पाईप, कॅट-कॉन आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या धुराच्या पहिल्या पाईपच्या) आजूबाजूला जे पातळ पत्रे लावलेले असतात ते हेच, इंजिनची उष्णता फ्लोअर, वायरिंग, पेट्रोलच्या लाईनपर्यंत जाऊ नये म्हणून. यांचे बोल्ट छोटे असतात, बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं होतं आणि पत्रा मोकळा होतो. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ राहिलेल्या गाड्यांमध्ये तर हे हमखास सापडतं. बोटाने टकटक करा, झणझणला की सापडला. भोक मोठं झालं असेल तर मोठा वॉशर टाकून बोल्ट परत लावा, पाईपवरचा पत्रा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्टीलची ज्युबिली क्लिप (स्क्रूने आवळायचा पट्टा) पाईप आणि पत्रा दोन्हीभोवती आवळा. प्लॅस्टिकचा टाय नको, वितळतो. आणि "काढून टाकू साहेब, कटकट नको" म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तो पत्रा कंपनीने शोभेला लावलेला नाही, उन्हाळ्यात वाळक्या गवतावर गाडी उभी केली तर आग लागू शकते.

तिसरं काम: ठोकून बघणं

रबरी हातोडीने किंवा हातमोजा घालून मुठीनेच मागच्या सायलेन्सरच्या डब्यावर हलकेच ठोका. आतून काहीतरी सुटं हललं तर आतल्या पडद्यांची वेल्डिंग सुटली आहे, डबा बदलायचा, त्याला दुसरा इलाज नाही. हा डबा आतून गंजतो आणि त्याचं कारण साधं आहे, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफेच्या रूपात बाहेर जातं, पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर डबा पुरेसा तापतच नाही आणि पाणी आतच साचतं. म्हणून "डॉक्टरची गाडी, फार चाललीच नाही" हे ऐकून खूश होण्याआधी सायलेन्सरचा खालचा भाग बघून घ्या. बऱ्याच डब्यांना खाली बारीक भोक असतं, त्यातून पाणी टिपकतं, थोडी हवा येते, तो बिघाड नाही, पाणी निघून जायला ठेवलेलं भोक आहे, वेल्डिंगने बुजवायचं नाही.

कॅट-कॉनला मात्र अगदी हलक्या हाताने. आत सिरॅमिकची बारीक भोकांची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो, जोरात मारलं तर चांगली असलेली पण फुटेल. फुटलेली असेल तर डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा आवाज येतो. बऱ्याच गाड्यांत कॅट-कॉन मागे नसून बॉनेटखाली मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, त्यामुळे आवाज पुढून येतोय म्हणजे एक्झॉस्टचा नाही असं समजू नका. सोबत पिकअप गेला असेल, चढावर गाडी दम टाकत असेल, चेक इंजिनचा लाईट लागला असेल आणि स्कॅनरवर पी-०४२० कोड (कॅट-कॉन नीट काम करत नाही असं सांगणारा) आला असेल तर संशय पक्का होत जातो.

कॅट-कॉनबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण खरा खर्च इथेच आहे. ही जाळी बहुतेकदा आपोआप फुटत नाही. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब होऊन मिसफायर होतं, न जळलेलं पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जाऊन तिथे जळतं, जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि वितळते किंवा तडकते. इंजिन ऑइल जाळत असेल तर तेही तिथेच जाऊन बसतं. म्हणून मिसफायर आणि ऑइलचं कारण आधी काढा, नाहीतर नवा पण त्याच वाटेने जाईल. आतली जाळी फोडून डबा पोकळ करून देणारे लोक आहेत, ते करू नका, धूर सरळ तुमच्या आमच्या पोरांच्या छातीत जातो, पीयूसीला गाडी अडकते आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरमुळे चेक इंजिनचा लाईट पण लागून राहतो. बदलून घेतलात तर जुना भाग मागून घ्या, त्यातल्या धातूंना भंगारात चांगली किंमत असते. आणि गाडी विकत घेतानाच कॅट-कॉनच्या डब्यावर कापून परत वेल्डिंग केल्याची खूण दिसली तर आधीच कोणीतरी पोकळ केलाय का ते विचारा.

चौथं काम: गळती

टकटक किंवा फुसफुस येत असेल तर कुठूनतरी गॅस निघतोय. थंड गाडी उघड्यावर चालू करा, मदतनीसाने जाड हातमोजा घालून घडी केलेलं ओलं फडकं शेवटच्या पाईपवर काही सेकंद दाबून धरायचं, पाईप तापायच्या आत, आणि तोंड बाजूला ठेवायचं. तुम्ही बाजूने पाईपच्या लाईनीने कान देत चला, जिथे पॅकिंग गेलंय किंवा पाईपला भोक पडलंय तिथून फुसफुस वाढते. जोडावर काळी काजळी दिसली तरी तीच जागा. पुढची लवचिक जाळीवाली पाईप बघायला विसरू नका, तिची जाळी उसवली की ती पण खडखडते. सकाळी टकटक आणि तापल्यावर बंद असं असेल तर मॅनिफोल्डची पॅकिंग किंवा बारीक तडा, लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. हे पुढे ढकलू नका, ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो जास्त सोडतो, मायलेज खाली येतं. शिवाय धूर केबिनमध्ये यायचा धोका आहेच, डोकं दुखायला लागलं तर काचा खाली करा आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

वेल्डिंग करून घेणार असाल तर वेल्डिंगवाल्याला बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा, सीएनजी असेल तर आधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद. काम झाल्यावर त्याच रेसला, त्याच रस्त्याने गाडी फिरवून आवाज गेल्याची खात्री करा, आणि नवीन क्लिप-बोल्ट लावले असतील तर शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना एकदा परत आवळून घ्या, तापून-थंड होऊन ते थोडे ढिले होतातच.