प्रॉपची वीस मिनिटे

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत वाढणारी मराठी मुले अधूनमधून मला विचारतात, की रग्बी लीगमध्ये, म्हणजे रग्बीच्या तेरा जणांच्या प्रकारात, फॉरवर्ड (पुढच्या फळीत धडका घेणारा खेळाडू) व्हायचे असेल तर वजन किती हवे. मी स्वतः न्यू साउथ वेल्स कपपर्यंत, म्हणजे एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेच्या लगतच्या खालच्या पायरीपर्यंत, प्रॉप (सर्वांत धिप्पाड फॉरवर्डांपैकी एक) म्हणून खेळलो आणि तिथेच थांबलो. आपण का थांबलो याचा विचार करायला मला पुढे पुष्कळ वेळ मिळाला, त्यामुळे वजनाबद्दल मी जरा सावधपणेच बोलतो.

तेरा जणांच्या संघात सहा फॉरवर्ड असतात: दोन प्रॉप, एक हुकर, दोन सेकंड रो आणि एक लॉक. भारतात शाळा-कॉलेजांतून जी रग्बी खेळली जाते ती युनियन या दुसऱ्या पद्धतीची, आणि तिथल्या स्क्रमची (चेंडूसाठी दोन्ही संघांच्या फॉरवर्डनी गुंफून एकमेकांना ढकलण्याची) रेटारेटी लीगमध्ये जवळजवळ नाममात्र उरली आहे. लीगमध्ये चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे त्यांचा खेळाडू सहा वेळा पाडला जाईपर्यंत चेंडू त्यांच्याकडे राहतो. दरवेळी पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि बचाव करणाऱ्यांना, समोर उभे राहणारे एक-दोघे सोडले तर, दहा मीटर मागे जावे लागते. प्रॉपचा खरा कस या दहा मीटरांत लागतो. शंभर किलोंच्या माणसाला खाली पाडले, त्याचे कोपर अजून आपल्या बरगडीत रुतलेले आहे, तोंडात गवत गेले आहे, आणि तेवढ्यात तळहात जमिनीला टेकवून उठायचे, मागे धावत, दहा मीटरांवर रेफरी उभा असतो त्या रेषेला यायचे आणि तिथून लगेच पुन्हा पुढे झेपावायचे. असे वीस-पंचवीस मिनिटे चालते, मग बाकावर थोडा दम खायचा आणि बोलावणे आले की परत उतरायचे. एनआरएलने 2016 मध्ये सामन्यातील खेळाडूंच्या अदलाबदलीची मर्यादा दहावरून आठवर आणल्यापासून तर नुसत्या अवजड प्रॉपला बाकावर झाकून ठेवणे प्रशिक्षकांना अधिकच महाग पडू लागले.

नेमके हेच न कळल्यामुळे मी एकदा मोसम सुरू होण्यापूर्वी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सरावकाळात, नऊ किलो वजन वाढवले. आईने केलेल्या पोळ्यांची चळत मी एकट्याने संपवत असे आणि आरशात स्वतःवर खूषही होतो. पहिल्याच सराव सामन्यानंतर प्रशिक्षकांनी चित्रफीत लावली. माझ्या टॅकलबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. मी पडल्यापासून रेषेवर परतेपर्यंतचे सेकंद ते फक्त मोठ्याने मोजत राहिले. इतर प्रॉप परतलेले असत आणि मोजणी चालूच असे.

एनआरएलच्या क्लबांत एकवीस वर्षांखालील गटासाठी जर्सी फ्लेग आणि त्यानंतर न्यू साउथ वेल्स कप, असा साधारण क्रम असतो. न्यू साउथ वेल्स कपमधले अनेक जण दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. मी इलेक्ट्रिशियनची उमेदवारी करत होतो, आणि बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या असताना वायर सोलणे हे एक वेगळेच कसब आहे. ही उमेदवारी सोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. सॅम बर्जेस या फॉरवर्डने एनआरएलच्या 2014 च्या अंतिम सामन्यात पहिल्याच धडकेत गालाचे हाड मोडूनही पूर्ण ऐंशी मिनिटे खेळून साउथ सिडनी या आपल्या क्लबला 1971 नंतरचे पहिले विजेतेपद मिळवून दिले, ही कथा मुलांना तोंडपाठ असते. तोच बर्जेस 2019 मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे तिशीतच निवृत्त झाला, हे मात्र मला आठवण करून द्यावे लागते.

डोक्याला मार लागल्यावर गरगरणे लपवू नये. मी एकदा ते लपवले, उरलेला सामना खेळलो, आणि त्या दिवशी गाडी कुठे लावली होती ते घरी फोन करून विचारावे लागले.