व्हिसासाठी सीमेवर जाण्याआधी शिक्का वाचा

पर्यटक व्हिसा संपत आला की राहण्याची नवी मुदत मिळावी म्हणून अनेक जण शेजारच्या देशात जाऊन परत येतात, पण शेवटच्या दिवसावर ठेवून अडकतात. प्रवेशाचा शिक्का पडला की काउंटरवरून हलण्याआधीच मुदतीची तारीख वाचा आणि फोनमध्ये सात दिवस आधीची आठवण लावा. अंदाजाने मोजू नका. बऱ्याच देशांत उतरल्याचा दिवसही धरतात, आणि ३० दिवस म्हणजे एक महिना नव्हे!

निघण्यापूर्वी:

१. पासपोर्टची मुदत अजून ६ महिने तरी हवी, दोन पानं कोरी हवीत.

२. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडताच तो संपतो. शेजारच्या देशाचे नियमही आताच बघा, नाहीतर ना इकडचे ना तिकडचे.

३. पुढच्या प्रवासाचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापून घ्या. रोकड जवळ असू द्या.

सीमेवर आधी बाहेर पडल्याचा शिक्का घ्या, मगच पुढे जा. घाईत हाच राहतो.

मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. बाहेर जाऊन आल्याने मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही.