ऑपरेशनच्या आधी डायलिसिस कधी? आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलं, आम्हाला बरंच वाटलं कारण रविवारी सगळी भावंडं रामबागेतल्या घरी जमणार होती. बाबांचं डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार, पण हे सर्जनला कोणी नीट सांगितलं नाही आणि डायलिसिसवाल्यांना ऑपरेशनचं सांगितलं नाही, दोन्हीकडे वाटलं की त्यांना माहीतच असेल. सोमवारी रक्तातलं पोटॅशियम निघालं ६.४, म्हणजे खूपच जास्त. भुलीच्या डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं, कारण एवढ्या पोटॅशियमवर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तर पहिली चूक हीच, सोमवारची तारीख. शुक्रवार ते सोमवार ही आठवड्यातली सगळ्यात मोठी गॅप असते (मंगळ-गुरु-शनिवाल्यांची शनिवार ते मंगळवार). २०२२ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ११ लाखांवर ऑपरेशन्सचा अभ्यास आला होता, त्यात आदल्या दिवशी डायलिसिस झालेल्यांपेक्षा दोन दिवसांची गॅप असलेल्यांत ९० दिवसांतल्या मृत्यूचा धोका १४ टक्के आणि तीन दिवसांवाल्यांत २५ टक्के जास्त दिसला. म्हणून ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर डायलिसिस शक्यतो आदल्या दिवशी, आणि तारीख घेतानाच वार सांगा.

मग त्याच दिवशी सकाळी उरकून टाकू, असं आपल्या मनानं ठरवू नका. मशीनवर हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात, त्याचा असर काही तास राहतो म्हणजे रक्तस्रावाची भीती, शिवाय बीपी पडलेलं असतं, पेशंट थकलेला असतो. इमर्जन्सीत डॉक्टर त्याच दिवशी करतातही, हेपारिनशिवाय, पण तो निर्णय त्यांचा.

'ऑपरेशन आहे, जरा जास्त पाणी काढा' असं मी स्वतः टेक्निशियनला म्हटलं होतं, ते फार चुकीचं होतं. ड्राय वेटच्या (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं ठरलेलं वजन) खाली नेलं की भूल देताना बीपी एकदम कोसळतं.

पोटॅशियमचं सॅम्पल डायलिसिस संपल्यासंपल्या देऊ नका. तेव्हा आकडा छान येतो, पण पेशींमधलं पोटॅशियम पुढच्या काही तासांत परत रक्तात येतं, खरा आकडा ऑपरेशनच्या सकाळचा.

आणि भेटायला येणारे नारळपाणी आणतात हो, प्रेमानंच आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर. खायची सेवही नकोच, आपल्या इंदूरला पोह्यांवर सेव नसली तर घास उतरत नाही, पण तिच्यातल्या मिठानं तहान लागते आणि अंगात पाणी वाढतं. आत्याला नाही म्हणताना जीवावर आलं, तरी म्हटलं.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) हातावर बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, हे ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी प्रत्येक सिस्टरला सांगा. बाहेर आल्यावर फिस्टुलावर हात ठेवून थरथर लागते का बघा, बीपी पडलं तर तो बंद पडू शकतो, थरथर नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. दुखलं म्हणून घरातली डायक्लोफेनॅक देऊ नका, किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच गोळी.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या डायलिसिसला तिथल्या टेक्निशियनला टाक्यांचं आठवणीनं सांगा, म्हणजे तेव्हाही हेपारिन द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारतील. बाबांच्या फाइलवर आता मी वार, ड्राय वेट आणि 'डावा हात नाही' (फिस्टुला त्याच हाताला आहे) असं लाल पेननं मोठ्ठं लिहून ठेवलंय.